पान चौदा, कलम सहा

एकोणीस वर्षं झाली, ही पत्रं मी टाइप करते.
"प्रिय" आणि मग नाव,
मग "आपल्या खोलीत अमुक तारखेला",
मग बाटल्या किती, त्यांतल्या भरलेल्या किती.
खाली डीनबाईंची सही.
पहिल्यांदा पन्नास डॉलर आणि संगणकावरचा दोन तासांचा धडा,
दुसऱ्यांदा घरी पत्र,
तिसऱ्यांदा सुटकेस.
पोरं म्हणतात, वर्ना, तू सेंट पीटरची कारकून.
मी म्हणते, त्याच्याकडे स्टेपलर नसतो.

मिनेसोटातल्या जानेवारीत
नाकातला केससुद्धा काचेचा होतो.
त्या रात्री हॉल्टर हॉलच्या तिसऱ्या मजल्यावर
एल्डन ब्रेक्के, वय अठरा वर्षं चार महिने,
न्हाणीघराच्या निळ्या फरशीवर आडवा.
ओठ फरशीच्याच रंगाचे.
आणि शेजारी गुडघ्यांवर बसलेला त्याचा रूममेट टोबियास
फोनमध्ये
आमची नियमावली वाचत होता.

हे चौकशीच्या दिवशी कळलं.
"आधी नियम शोधला," तो म्हणाला,
"फोन केला तर माझी शिष्यवृत्ती जाते का, ते."
पान एक: विद्यापीठाचं ध्येय.
पान तीन: व्याख्या. 'ताबा' म्हणजे काय. 'पेला' म्हणजे काय.
पान नऊ ते तेरा: दंड, अपील, दंडाचा तक्ता.
पान चौदा, कलम सहा, अगदी तळाला:
मदतीसाठी जो फोन करेल त्याला शिक्षा नाही.
अंगठ्याने सरकवत, सरकवत
सहा मिनिटं.

ते पान मी टाइप केलंय.
कलम सहा तिथे मीच ढकललं होतं, तीन वर्षांपूर्वी,
कारण ते वर ठेवलं की तक्ता एका पानावर बसत नव्हता
आणि डीनबाईंना तुटलेला तक्ता आवडत नाही.

एल्डन जगला.
हे सांगूनच टाकते, नाहीतर तुम्हीही
शेवटपर्यंत तेच शोधत बसाल.
आता तो बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी थांबतो,
जिन्यात दिवा गेल्यासारखा.
मार्चमध्ये त्याची आई आली, छोटा फ्रिज एकटीनेच उचलला,
मी दार धरलं. ती थँक यू म्हणाली.
मला.

टोबियासवर कारवाई झाली नाही.
पत्र न्यायला तो स्वतः आला,
उभ्या उभ्या वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.
"एवढंच?" म्हणाला.
माझ्याकडे तेवढंच होतं.

मे महिन्यात रसायनशास्त्राचे लुंडेसर निवृत्त झाले.
आमच्याच इमारतीत, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, अकरा बाटल्या लाल वाइन.
सर खुर्चीवर चढून गायले,
त्यांची गाडी पार्किंगमधून निघाली ती फुलझाडांवरून.
सगळे हसले. कुणी काही लिहून घेतलं नाही.
वय झालं की त्याला पिणं म्हणत नाहीत,
प्रसंग म्हणतात.
ग्लास मी विसळले.

मी सोळाची होते तेव्हा गवताच्या कापणीनंतर
बाबांनी कोठारामागे अर्धी बिअर माझ्या हातात दिली होती.
"घाम गाळलास, घे."
त्यांचा कायदा एका ओळीचा होता.
तो बरोबर होता असं मी म्हणत नाही.
एका ओळीचा होता, इतकंच.

ऑगस्टमध्ये नवी नियमावली छापायला जाते.
यंदा मी कुणाला विचारलं नाही.
ध्येयाच्याही वर, विद्यापीठाच्या शिक्क्याच्या लगेच खाली,
ठळक अक्षरांत:
आधी फोन करा.
मग सगळं एकेक ओळ खाली सरकलं,
व्याख्या, पेला, ताबा,
आणि दंडाचा तक्ता मधोमध फाटून
दोन पानांवर गेला.

डीनबाईंनी चष्मा वर केला.
"वर्ना, तक्ता तुटलाय."
"हो," मी म्हटलं,
आणि छापखान्याचा पत्ता लिहायला घेतला.